दारू पिऊ नकोस, असा हुकूम कोर्ट देऊ शकते का?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जामीन आदेशाची बरीच चर्चा झाली. दारूच्या नशेत बेफाम गाडी चालवणाऱ्या, पोलिसांच्या चौकीलाही न जुमानणाऱ्या एका तरुणाला न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी जामीन दिला आणि अट घातली की तीन महिने दर शनिवार-रविवारी वरळी नाक्याच्या सिग्नलजवळ 'दारू पिऊन गाडी चालवू नका' असा फलक धरून उभे राहायचे. त्याआधी मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाने भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला होता. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला. अटी होत्या अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या, १५ दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करण्याच्या आणि दारू सोडवण्यासाठी समुपदेशन घेण्याच्या. निबंधावरून देशभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. समुपदेशनाच्या अटीकडे मात्र कुणी पाहिलेसुद्धा नाही. आमच्या मते त्या सगळ्या कागदात कामाची अट तेवढी एकच होती.

फलक धरल्याने लाज वाटते. लाजेने दारू सुटत असती तर आपल्या वस्त्यांत एकही दारुडा उरला नसता. चार माणसांत रोज शरमिंदा होणारी माणसे आम्ही रोज बघतो, आणि ती शरम विसरायला ती संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर जातात हेही बघतो.

म्हणून साधा प्रश्न असा आहे की दारू पिऊन दुसऱ्याला इजा करणाऱ्या माणसाला कोर्ट सरळ 'इतके महिने दारूला शिवायचे नाही' असे सांगू शकते का? आणि सांगितले तर ते पाळले जाते की नाही हे कोण बघणार?

बोरीवलीत दोन तऱ्हेची माणसे या प्रश्नात येतात. पहिला गाडी चालवणारा. ३१ डिसेंबरला, होळीला दहिसर चेकनाका, लिंक रोड आणि हायवेवर नाकाबंदी लागते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघाले की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हीच रक्कम गोराईच्या रिसॉर्टवरून मोठ्या गाडीतून परतणाऱ्याला एका रात्रीच्या खर्चाएवढी असते आणि रिक्षा चालवणाऱ्याच्या घरात ती पोरांच्या फीमधून जाते. दोघांपैकी कुणालाही कोर्ट 'तुझे दारूचे काय?' असे विचारत नाही.

दुसऱ्या माणसाकडे गाडीच नाही. तो रात्री घरी येतो आणि बायकोला, आईला, कधी पोटच्या पोराला मारतो. त्याच्यासाठी नाकाबंदी नसते. बाई चौकीला जाते, तिची एनसी लिहून घेतली जाते, त्याला दोन तास बसवून दम दिला जातो आणि तो तिच्या आधी घरी पोहोचलेला असतो. 'ताई, त्याला जेलात घालू नका, फक्त दारू बंद करा,' हे वाक्य आम्ही या कामात जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कुठलेही ऐकले नाही. तिला घटस्फोट नको असतो आणि कमावणारा माणूस आत जायला नको असतो. तिची ही मागणी भाबडी आहे असे आपल्यातले शिकलेले लोक समजतात. कायद्याच्या भाषेत ती अगदी नेमकी मागणी आहे.

तशी तरतूद या देशात १९५८ पासून आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, म्हणजे प्रोबेशनचा कायदा. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात दोषी ठरलेल्या माणसाला कोर्ट तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. सोबत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकते, आणि ती किमान एक वर्षाची असते. अशा देखरेखीच्या बंधपत्रात कोणत्या अटी घालता येतील हे सांगणाऱ्या कलम ४ च्या चौथ्या पोटकलमात राहण्याच्या जागेबरोबरच नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. कलम ५ प्रमाणे इजा झालेल्याला भरपाई द्यायला लावता येते. कलम १२ आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावे. या कायद्याखाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागू होत नाही.

म्हणजे ब्रिटन-अमेरिकेत ज्याची 'नवी कल्पना' म्हणून बातमी होते, ती आपल्या कायद्याच्या पुस्तकात सदुसष्ट वर्षांहून जास्त काळ पडून आहे. किती पडून आहे याची एक खूण सांगतो. अट पहिल्यांदा मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते, किंवा बंधपत्र चालू ठेवून दंड करू शकते. त्या दंडाची कमाल रक्कम ५० रुपये आहे. १९५८ चे पन्नास रुपये कुणी बदलायच्या भानगडीतच पडले नाही. आज तेवढ्यात एक क्वार्टरही येत नाही.

या तरतुदीला मर्यादाही आहे. निष्काळजीपणे गाडी चालवून जीव घेणाऱ्यांना प्रोबेशनची सवलत देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दलबीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुण्यासारख्या घटनेतला सज्ञान आरोपी या दाराने सुटू नये, हे बरोबरच आहे. पण मारहाण, धमकी, दंगा, घरातला छळ अशा रोजच्या खटल्यांना हे दार उघडे आहे.

मग वापर का होत नाही? कारण देखरेख करायला माणूस लागतो. वस्त्यांत इतकी वर्षे काम करताना, दारू न पिण्याच्या अटीवर सुटला आहे आणि परिवीक्षा अधिकारी दर महिन्याला घरी येऊन चौकशी करतो आहे, असा एकही माणूस आम्हाला भेटलेला नाही. समाजशास्त्राच्या एम. ए. ला आम्ही 'सुधारणावादी न्याय' या विषयावर पानेच्या पाने लिहिली होती. त्या पानांमधला अधिकारी बोरीवलीच्या चाळीत चढताना अजून दिसायचा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५५ मध्ये नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्याला २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. जुन्या दंडविधानात दंड १० रुपये होता, आणि समाजसेवा नव्हती. ही सुधारणा म्हणायला हरकत नाही. पण झाडू मारून घरी गेलेला माणूस संध्याकाळी काय करतो, याचे उत्तर नव्या संहितेतही नाही.

बाहेरच्या देशांत काय झाले ते थोडक्यात पाहू, कारण तिथल्या चुका आपल्याला फुकट शिकता येतात. ब्रिटनने २००९ पासून दारू पिऊन दंगा करणाऱ्यांना ठरावीक पबमध्ये जायला मनाई करणारे आदेश सुरू केले. पाच वर्षांत ती तरतूद मोडीत काढावी लागली. एका दारात बंदी असलेल्या माणसाला शंभर दारे मोकळी होती. नंतर त्यांनी घोट्याला बांधायचे यंत्र आणले, जे घामातून अल्कोहोल ओळखते. कोर्ट जास्तीत जास्त १२० दिवस संपूर्ण दारूबंदीचा हुकूम देते आणि ते यंत्र रात्रंदिवस लक्ष ठेवते. वेल्समध्ये २०२० आणि इंग्लंडमध्ये २०२१ पासून ते सर्वत्र वापरात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने पब, मैफली आणि सामन्यांना जाण्यावर बंदी घालण्याचे जादा अधिकार न्यायाधीशांना देण्याची घोषणा केली, म्हणजे जुनी वाट पुन्हा धरली.

आम्हाला जास्त शिकण्यासारखे वाटते ते अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याचे काम. २००५ मध्ये तिथे एक साधी पद्धत सुरू झाली. नशेत पुन्हा पुन्हा गाडी चालवताना सापडलेल्या माणसाने सकाळी आणि संध्याकाळी शेरीफच्या कार्यालयात येऊन नळीत फुंकायचे. दारू सापडली की त्याच दिवशी आत, पण फक्त एक-दोन रात्रींसाठी. वर्षांची शिक्षा नाही, तारखांवर तारखा नाहीत. रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये मांडले की जिथे ही पद्धत आली तिथे वारंवार नशेत गाडी चालवल्याच्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्या. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, म्हणूनच खरे वाटतात. त्यातली घरगुती हिंसेची घट महत्त्वाची, कारण पकडले होते गाडीसाठी आणि फायदा घरातल्या बाईलाही झाला. छोटी शिक्षा, पण लगेच आणि नक्की. आपल्याकडे नेमके उलटे चालते. शिक्षा कागदावर मोठी आणि ती कधी होईल याचा पत्ता नाही.

हे सगळे जसेच्या तसे इथे आणा असे आम्ही म्हणत नाही. नाक्यावर सकाळी आठला उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला पोलीस ठाण्यात रोज दोनदा बोलावले तर त्याचा रोज बुडेल, आणि बुडालेल्या रोजाचा राग पुन्हा घरातच निघेल. चाचणी वस्तीतल्या आरोग्य केंद्रावर, कामाच्या वेळेआधी व्हायला हवी.

दुसरी अडचण जिवाची आहे, आणि ती कार्यकर्त्यांनाही नीट माहीत नसते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका झटक्यात बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, आकडी, आणि कधी मृत्यूसुद्धा येऊ शकतो. घरात कोंडून ठेवून, शपथ घालून दारू सोडवण्याचे प्रयोग करू नका. ब्रिटनमध्येही घोट्याच्या यंत्राचा हुकूम दारूवर शारीरिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या माणसाला देता येत नाही, त्याची वाट उपचाराची असते. म्हणून आपल्याकडेही कोर्टाने आधी वैद्यकीय तपासणी मागवली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या व्यसनातून येणाऱ्या अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा हक्क केला आहे. 'हा सुधारणार नाही' हे वाक्य कायद्यानेच खोडले आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जास्तीचे मिळतील असे सांगितले गेले. त्यातला एक छोटा हिस्सा पश्चिम उपनगरांतल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत व्यसनमुक्तीच्या खाटांसाठी, आणि एक परिवीक्षा अधिकाऱ्यांसाठी, ही मागणी आपण का करत नाही?

आता सर्वात नाजूक मुद्दा. अशा हुकमांचा दांडा कुणाच्या पाठीत बसेल?

आपल्याकडे एक बंधपत्र आधीच जोरात चालते. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम ९३. या कायद्याखालचे गुन्हे वारंवार करणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेता येतो, तीन वर्षांपर्यंत. निवडणूक आली की उत्पादन शुल्क खाते आणि पोलीस हे बाँड भराभर करून घेतात. त्यात सापडतात ती पाड्यावर हातभट्टी विकणारी, नवरा मेलेली, दुसरा धंदा नसलेली माणसे. त्यांना माल पुरवणारा कधी सापडत नाही. तडीपारीचेही तेच. चळवळीतल्या, वस्तीतल्या पोरांवर पोलीस उपायुक्तांच्या सहीने दोन-दोन वर्षांची हद्दपारी कशी येते हे वाचकांना सांगायला नको. उद्या 'दारू न पिण्याचा हुकूम' देण्याचा अधिकार पोलिसांच्या हाती गेला, तर आधी बारच्या काचेआडचा माणूस पकडला जाणार नाही. कट्ट्यावर बसलेले आपले पोर पकडले जाईल.

म्हणून आमचे म्हणणे ठाम आहे. हुकूम कोर्टाचाच हवा, गुन्हा शाबीत झाल्यावर हवा, मुदतीचा हवा, अपिलाची सोय असलेला हवा. आणि तो प्यायल्याबद्दल नको, पिऊन दुसऱ्याला केलेल्या इजेबद्दल हवा. जामिनाच्या टप्प्यावर अट घालायची तर तीही पीडितेच्या सुरक्षेशी जोडलेली असावी. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अशा अटींपासून कोर्टांनी दूर राहावे असे बजावले. बातमी होणारी अट आणि बाईला वाचवणारी अट यांत फरक असतो.

काही तरुण आम्हाला विचारतात की आपण तर पंचशील घेतो, मग कोर्टाच्या बंदीची भाषा कशाला, सरळ संपूर्ण दारूबंदीच मागू. इथे बाबासाहेबांची भूमिका नीट पाहिली पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण १९५१ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला कडाडून विरोध आहे. बंदीने सरकारचा जो महसूल बुडतो तो शिक्षणासारख्या कामांना लागणारा आहे, आणि बंदीमुळे दारू गाळण्याचा धंदा घराघरांत शिरतो, असा तो युक्तिवाद होता. यात विसंगती नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो, बंदी सरकार सगळ्यांवर लादते. मुंबई राज्यात १९४९ पासून दारूबंदीचा कायदा आहे, आजही कागदोपत्री पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तरीही २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसे मेली. मालवणीतच शंभराहून अधिक. मेलेल्यांत परवाना असणारा कोण होता?

कोर्टाचा हुकूम या दोन्हींपेक्षा वेगळा, तिसराच प्रकार आहे. तो सगळ्यांवर नाही आणि स्वतःहून घेतलेलाही नाही. ज्याने इजा केली त्या एकट्याला, ठरावीक काळासाठी. विनयपिटकात स्थविर सागताची कथा आहे. कोसंबीत घरोघरी पाजलेल्या दारूने हा सामर्थ्यवान भिक्खू नगराच्या वेशीवर पडला. भगवंतांनी त्याला उचलून आणवले, भिक्खूंना घडलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारले आणि मग नियम केला. त्याला वेशीवर फलक घेऊन उभे केले नाही. पाचवे शील कोर्टाच्या शिक्क्याने पाळले जाणार नाही, हे आम्हालाही कळते. हुकमाचे काम तेवढे मोठे नसतेच. तीन-चार महिने घरात मार न खाता झोपता आले, तर तेवढ्या काळात बाई पुढचा विचार करू शकते आणि माणूस उपचारापर्यंत पोहोचू शकतो. (भीमजयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे झिंगून नाचणाऱ्यांना आवरायला मात्र कोर्ट लागू नये. ते आपलेच काम आहे.)

कायदे बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली बाई ती राहते त्या भागातल्या दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे बोरीवली कोर्टात, स्वतः किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत कलम १२ चा अर्ज करू शकते. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी असे कायदा म्हणतो. बहुतेक अर्जांत 'मारहाण करू नये' एवढेच मागितले जाते. कलम १८ खाली संरक्षण आदेशात इतर कृत्यांनाही मनाई करता येते, तेव्हा दारू पिऊन घरात येण्यास मनाई, असे स्पष्ट शब्दांत मागा. कलम १४ खाली समुपदेशन मागा, आणि त्यासोबत व्यसनमुक्ती उपचाराचीही विनंती लिहा. प्रकरण गंभीर असेल तर कलम २३ खाली तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, प्रोबेशनच्या कायद्यातले पन्नास रुपये नाहीत. नोकरी असलेल्या नवऱ्याच्या पगारातला हिस्सा मालकाने थेट बाईला द्यावा, असा आदेशही कलम २० खाली होऊ शकतो. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर जाणारा पैसा तिथेच अडतो.

मारहाणीचा फौजदारी खटला चालू असेल आणि आरोपी दोषी ठरत असेल, तर सरकारी वकिलांना भेटून प्रोबेशनच्या कलम ४ खाली देखरेख आणि दारूपासून दूर राहण्याची अट मागायला सांगा. आरोपी आपल्याच वस्तीतला असेल तर त्याच्या वकिलालाही हे सांगा. तुरुंगाऐवजी उपचार हा त्याच्याही फायद्याचा मार्ग आहे. कोर्टाने जामीनदार मागितला तर विहाराच्या कमिटीतल्या एखाद्या नोकरदार माणसाने उभे राहायला काय हरकत आहे? जामीनदार रोज त्याच गल्लीत दिसतो, ही देखरेख कुठल्याही यंत्राहून स्वस्त आहे. अट मोडल्याचे दिसले तर तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा, बाईला आणि तिच्या वकिलाला कळवा. त्या माणसाला स्वतः बडवू नका.

वकिलाच्या फीसाठी कुणी अडून राहू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या कोणत्याही व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. अर्जासोबत जातीचा दाखला जोडावा. बाईला तोही लागत नाही.